वळवाच्या आधी घराचा बोर्ड उघडा: सर्ज प्रोटेक्टर निवडायचा कसा, बसवायचा कसा

वळवाचा पहिला दणका बसला की दुरुस्तीच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. राउटर, सेट-टॉप बॉक्स, टीव्ही, इन्व्हर्टर एसीची पीसीबी, घरघंटीचं कंट्रोल कार्ड, सगळं एकदम येतं. काउंटरवर वाक्यही ठरलेलं असतं: "स्पाइक गार्ड लावला हुता की वो, तरीबी उडालं."

स्पाइक गार्ड, म्हणजे झटका अडवणारा एक्स्टेंशन बोर्ड, खोटा नसतो, पण तो एकटा पुरा पडत नाही. घरात वीज येते ती खांबावरून मीटरला, मीटरवरून मेन स्विचला, तिथून डीबीला (घरातल्या सगळ्या स्विचांच्या मुख्य पेटीला) आणि मग टीव्हीमागच्या सॉकेटला. संरक्षणही त्याच क्रमानं, बाहेरून आत आणायचं असतं आणि त्याच्याही आधी जमिनीखालचं अर्थिंग बघायचं असतं. आपल्याकडे सुरुवात टीव्हीमागून होते आणि तिथंच संपते.

पुढचं सगळं त्या उलट क्रमाला सुलट करण्यासाठी आहे. यातलं डीबीच्या आतलं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. मेन स्विच बंद केला तरी त्याची मीटरकडची बाजू जिवंतच असते, हे हौशी माणूस नेमकं विसरतो. तुमचं काम म्हणजे योग्य वस्तू निवडणं आणि बसवताना शेजारी उभं राहून दोन-चार गोष्टींवर हटून बसणं.

आधी रोग ओळखा

जळालेलं कार्ड उघडलं की काय घडलं ते बरंचसं तेच सांगतं. वीज आत शिरते तिथं काचेचा छोटा फ्यूज असतो, त्याच्या शेजारी बहुधा निळी, नाण्याएवढी चकती. ही एमओव्ही, म्हणजे मेटल ऑक्साइड व्हेरिस्टर. जरा पलीकडे उभा कॅपॅसिटर, अंगावर 400 किंवा 450 व्होल्ट छापलेला. चकती फुटून कोळसा झालीय, फ्यूजची काच आतून काळीठिक्कर पडलीय आणि कॅपॅसिटरचं डोकं फुगलंय, असं दिसलं तर बहुतेक वेळा दोष आभाळातल्या विजेचा नसतो. त्या घरात काही सेकंद किंवा मिनिटं 300 व्होल्टच्या वर दाब होता. उलट फ्यूज शाबूत, चकती शाबूत, पण राउटरचं एकच लॅन पोर्ट किंवा टीव्हीचं एचडीएमआय मेलंय, तर घाव मागच्या केबलमधून आलेला असतो.

म्हणजे "लाईट जास्त आली" या एका वाक्याखाली दोन वेगळी दुखणी असतात.

पहिलं दुखणं खरं सर्जचं. जवळपास वीज पडली की लाईनवर हजारो व्होल्टचा झटका उमटतो आणि काही मायक्रोसेकंदांत ओसरतो. वीज घरावरच पडायला पाहिजे असं नाही. लाईनजवळ पडली तरी तारांमध्ये दाब उमटतो. मोठी मोटर बंद होताना, फीडर बंद-चालू करताना, वेल्डिंगच्या झटक्यांनीही छोटे सर्ज येत राहतात. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरच्या कारखान्यांच्या आसपास राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरं दुखणं न्यूट्रल तुटण्याचं. डीपीवरून (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवरून) तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. घरांना एकेक फेज वाटून दिलेला असतो, न्यूट्रल सगळ्यांचा सामाईक. वळवाच्या वाऱ्यात फांदी पडून तो तुटला किंवा खांबावरचा जोड सुटला, की दोन फेजमधल्या 400 व्होल्टच्या आसपासच्या दाबात तुमचं आणि शेजाऱ्याचं घर एकामागोमाग एक जोडल्यासारखं होतं. ज्या फेजवर लोड जास्त तिथं दाब पडतो, जिथं कमी तिथं चढतो. 300, 350, कधी त्याच्याही वर. लाईनमन येऊन दुरुस्त करेपर्यंत हे चालूच राहतं.

कार्डाचं काय होतं त्याचा हिशोब सोपा आहे. 230 व्होल्ट एसीची आत डीसी झाली की कॅपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट बसतात. 300 व्होल्ट आले तर 424. चारशेचा कॅपॅसिटर तिथंच हात टेकतो.

एमओव्हीवाला कोणताही सर्ज प्रोटेक्टर मायक्रोसेकंदांचा झटका पचवायला बनवलेला असतो. त्याच्यावर मिनिटभर 350 व्होल्ट बसले तर तोच तापून जळतो. म्हणून या दोन दुखण्यांना दोन वेगळी औषधं लागतात. स्पाइक गार्डवाल्याची तक्रार बहुतेक वेळा इथंच उलगडते.

पायरी पहिली: अर्थिंग

राधानगरी धरणाच्या स्वयंचलित दरवाजांचं काम सगळ्या जिल्ह्याला पाठ आहे. पाण्यानं पातळी गाठली की आपोआप उघडतात, उतरली की मिटतात. सर्ज प्रोटेक्टर हेच करतो. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वाट मोकळी करतो, खाली आला की बंद होतो. पण सोडलेलं पाणी न्यायला खाली भोगावती लागते. घरात ती भोगावती म्हणजे अर्थिंग. ते नसेल तर फेज आणि न्यूट्रलमधला झटका थोडाफार दबेल, पण लाईनवरून जमिनीकडे निघालेला झटका वाट शोधत टीव्हीच्या केबलमधून किंवा तुमच्या वॉशिंग मशीनच्या पत्र्यातून जाईल.

तपासणीची सुरुवात थ्री-पिन सॉकेटवर मल्टिमीटरनं होते. मीटर हाताळायची सवय नसेल तर वायरमनला समोर बसवून करा. घरातला थोडा लोड चालू ठेवायचा आणि तीन मोजमापं घ्यायची. फेज ते न्यूट्रल 230 च्या आसपास यायला पाहिजे. फेज ते अर्थही जवळपास तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट.

फेज ते अर्थ 80, 120 असं काहीतरी अधांतरी दिसलं तर अर्थची तार कुठंतरी सुटलेली आहे. न्यूट्रल ते अर्थ पाच-सात व्होल्टच्या वर राहत असेल तर न्यूट्रलचा जोड ढिला आहे, न्यूट्रलवर भार फार आहे किंवा अर्थिंग कमजोर आहे. आणि लोड चालू असतानाही इथं अगदी शून्य दिसत असेल तर खूश होऊ नका, सॉकेट उघडून बघा. मागे बऱ्याचदा न्यूट्रलच्या टर्मिनलवरून अर्थच्या टर्मिनलला वायरीचा बोटभर तुकडा जोडलेला सापडतो. टेस्टर दाखवायला आणि गिऱ्हाईक खूश करायला केलेली ही चलाखी जीवघेणी आहे. ज्या दिवशी न्यूट्रल तुटेल त्या दिवशी फ्रिजचा दरवाजा, मिक्सरची बॉडी, गिझरची टाकी, सगळ्यावर फेज येईल. असा तुकडा दिसला की आधी तो काढायचा, मग बाकीच्या गप्पा.

मल्टिमीटरची एक मर्यादा लक्षात ठेवा. तो इतका कमी करंट घेतो की कुचकामी अर्थिंगवरही झकास 230 दाखवू शकतो. खरी परीक्षा अर्थ टेस्टरची. त्यात दोन खुंट्या जमिनीत ठोकून रोध ओहममध्ये मोजतात. घरासाठी 5 ओहम किंवा त्याच्या आत आलं तर उत्तम. आणि हे मोजमाप मे महिन्यात घ्या. ऑगस्टमध्ये जमीन भिजलेली असताना कुठलाही खड्डा चांगलाच आकडा देतो. पण वळवाच्या विजा पडतात तेव्हा माती वाळून भेगाळलेली असते, आणि आपल्याला कामाचा आकडा तोच.

जमिनीचा फरकही इथं मोठा आहे. पंचगंगेच्या काठाची काळी माती ओल धरून ठेवते, तिथं साधा पाइपही चांगलं काम देतो. पन्हाळा, गगनबावडा, राधानगरीकडे जांभा लागतो. दगड, त्यातून पाणी निथळून जातं, रोध जास्त. तिथं एका रॉडवर भागत नाही. तीन मीटरचे दोन रॉड, त्यांच्यात निदान तेवढंच अंतर, भोवती बेंटोनाइट (ओल धरणारी माती) आणि दोन्ही एकमेकांना जोडलेले, असं करावं लागतं. कोळसा-मिठाचा जुना खड्डा वाईट नाही, पण मीठ जीआयला, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाला, खातं. पिटचं झाकण उचलून बघा. पट्टी किंवा तार जिथं बोल्टनं आवळलेली असते, तिथं पांढरी बुरशीसारखी पूड धरलेली असते आणि बोल्ट हातानं फिरतो. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतण्यापेक्षा तो बोल्ट काढून, घासून, नवा आवळण्यानं जास्त फरक पडतो.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर खड्डा तुमच्या हातात नाही, पण मीटर रूममधून अर्थची तार तुमच्या डीबीपर्यंत खरंच आलीय का हे बघणं आहे. जुन्या इमारतींत ती मीटरपाशीच थांबलेली असते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगच्या भांडणातून वेळ मिळाला तर हाही विषय काढा.

पायरी दुसरी: न्यूट्रलच्या दुखण्यावर इलाज

यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर नावाची डीबीत बसणारी छोटी वस्तू मिळते. समोर आकडा दाखवते, दाब ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला की क्षणात घराची वीज तोडते आणि दाब पूर्ववत झाल्यावर थोडं थांबून जोडते. कोल्हापूरच्या घराला एकच वस्तू घ्यायची ऐपत असेल तर मी ही घ्या म्हणेन, सर्ज प्रोटेक्टरच्याही आधी. कारण गल्लीतल्या घरांत कार्डं घाऊक भावानं मरतात ती न्यूट्रलमुळे.

वरची मर्यादा 265 ते 270 व्होल्ट ठेवा, खालची 170 ते 180. परत जोडायचा वेळ तीन मिनिटं. दुकानातून येताना हा वेळ बऱ्याचदा काही सेकंदांवर असतो. फ्रिज आणि एसीच्या कॉम्प्रेसरला आतला दाब उतरायला वेळ लागतो, म्हणून तो वाढवून घ्या. खालची मर्यादा 200 वर नेऊ नका, नाहीतर ज्या भागात संध्याकाळी दाब पडतो तिथं घर सारखं बंद पडेल आणि चार दिवसांत कुणीतरी वैतागून ती वस्तू बायपास करेल. अँपिअर मेन एमसीबीला (भार वाढला की आपोआप पडणाऱ्या मुख्य स्विचला) साजेसे पाहिजेत, 40 किंवा 63.

थ्री-फेज घरांना थ्री-फेजचाच लागतो. इचलकरंजीत खाली लूम आणि वर संसार अशी घरं आहेत, तिथं न्यूट्रल खांबावर नव्हे तर घरातच, मेन स्विचच्या लिंकमध्ये ढिला होतो. मोटर न्यूट्रलशिवायही फिरत राहते, म्हणून खाली कुणाला पत्ता लागत नाही आणि वर टीव्ही जातो. वर्षातून एकदा ती लिंक वीज तोडून आवळून घ्या. आणि जुन्या मेनमध्ये न्यूट्रलवर फ्यूज असेल तर तो काढून तिथं सरळ लिंक बसवायला सांगा.

प्रोटेक्टर बसण्याआधीच असा प्रसंग आला तर ओळखायची खूण सोपी आहे. पंखा जोरात फिरतो, बल्ब पांढराफटक होतो, शेजारी मात्र मिणमिणतं. तेव्हा एकेक बटण बंद करत बसू नका, थेट मेन पाडा.

पायरी तिसरी: एसपीडीचं लेबल वाचायला शिका

डीबीत बसणाऱ्या सर्ज प्रोटेक्टरला बाजारात एसपीडी म्हणतात. दुकानदार विचारतो, "40 केए पाहिजे का?" आणि आपण मान हलवतो. केए म्हणजे किलोअँपिअर, पण लेबलवर केएचे दोन आकडे असतात. आयएन म्हणजे तो पुन्हा पुन्हा पचवू शकतो तो झटका, आयमॅक्स म्हणजे एकदाच कसाबसा पचवेल तो. मोठ्या अक्षरात छापलेला 40 हा बहुधा आयमॅक्स असतो. आयएन 20 केए असेल तर घराला भरपूर झाला.

त्याहून महत्त्वाचा आकडा यूपी. झटका आला तरी घराकडे किती व्होल्ट पुढं जाऊ देणार, तो हा. घरगुती उपकरणं साधारण 2.5 केव्हीपर्यंतचा (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) झटका सोसतील अशी बनवायची असतात. मग यूपी 1.5 केव्ही किंवा त्याहून कमी पाहिजे. वायरीच्या लांबीमुळे यात आणखी भर पडते, ते पुढं येतंय.

यूसी म्हणजे कायम किती दाबावर तो शांत बसू शकतो. 275 आणि 320 असे दोन मिळतात. मी 320 चा घेतो. आपल्याकडे रात्री लोड उतरल्यावर दाब 250 च्या वर जाणं नवीन नाही, आणि 275 चा अशा जागी लवकर म्हातारा होतो. दोघांच्या यूपीमध्ये थोडा फरक पडतो, तो मला मान्य आहे.

प्रकार टाइप 1, 2, 3 असे असतात. शहरातल्या बहुतेक घरांना टाइप 2. छतावर लाइटनिंग अरेस्टर (विजेचा त्रिशूळ) असेल किंवा घर माळावर, ओव्हरहेड लाईनच्या शेवटच्या खांबावर असेल, तर टाइप 1 अधिक 2 असा एकत्र येतो तो घ्या. टाइप 1 ची चाचणी थेट वीज पडल्यावर येणाऱ्या लांब झटक्यानं झालेली असते. इथं एक गैरसमज फार आहे. छतावर त्रिशूळ उभारला म्हणजे घरातली इलेक्ट्रॉनिक्स वाचली असं नाही. तो इमारत वाचवतो. त्याच्यातून हजारो अँपिअर खाली उतरताना घरातल्या तारांत झटका उमटतो, म्हणून अरेस्टर असलेल्या घराला एसपीडीची गरज उलट जास्त.

सिंगल फेजला "1+1" जोडणीचा घ्या, थ्री-फेजला "3+1". यात फेज आणि न्यूट्रलमध्ये एमओव्ही असते, न्यूट्रल आणि अर्थमध्ये गॅस ट्यूब. आपल्या घराचा अर्थ खड्डा स्वतंत्र असतो, त्या पद्धतीला हीच जोडणी सुरक्षित. आतलं काडतूस (एमओव्हीचा डबा) उपसून बदलता येणारं आणि हिरवी-लाल खिडकी असलेलं पाहिजे. लेबलवर आयईसी 61643-11 हे मानक असावं. नामांकित कंपनीचा सिंगल फेज टाइप 2 साधारण दोन ते पाच हजारांच्या घरात येतो.

पायरी चौथी: बसवताना वायरमनच्या शेजारी उभे राहा

चांगला एसपीडी वाया घालवायचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे लांब वायर. वायरमन डीबीत काम करताना सवयीनं वायर थोडी जास्त ठेवतो, पुढं कधी लागली तर. ती गुंडाळून, वर टाय मारून, बोर्डाच्या कोपऱ्यात सुबक दाबून बसवतो. एमसीबीला हे चालतं. एसपीडीला ती गुंडाळी मारते. सर्जचा करंट इतक्या झपाट्यानं चढतो की सरळ वायरसुद्धा त्याला अडवते. मोठ्या झटक्यात मीटरभर वायरीवर अंदाजे 1 केव्ही पडतो. म्हणजे यूपी 1.5 चा एसपीडी, वर आणि खाली मिळून मीटरभर वायर, की टीव्हीला 2.5 केव्ही दिसले. पैसे भरून शून्य फायदा.

म्हणून फेजकडून एसपीडीपर्यंत आणि एसपीडीकडून अर्थ बारपर्यंतची वायर मिळून अर्ध्या मीटरच्या आत बसली पाहिजे. टेप लावून मोजा. वायरमन कुरकुरला तरी चालेल. टाइप 2 ला वायर तांब्याची, 6 चौरस मिमी, शक्य तितकी सरळ, काटकोनात न मोडलेली. जागा अशी निवडायची की एसपीडी अर्थ बारच्या अगदी शेजारी येईल. आणखी सोय बघायची असेल तर मेनकडून आलेली वायर आधी एसपीडीच्या टर्मिनलवर नेऊन तिथूनच पुढं न्यायची. मग फेजकडची लांबी जवळपास उरतच नाही.

क्रम असा: मेन एमसीबी, मग एसपीडी, मग ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, मग आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), मग बाकीचे एमसीबी. व्होल्टेज प्रोटेक्टरच्या आत इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं, म्हणून तो एसपीडीच्या आडोशाला. एसपीडी आरसीसीबीच्या नंतर बसला तर प्रत्येक विजेला आरसीसीबी विनाकारण पडेल आणि सर्जचा करंटही त्याच्यातून जाईल. एसपीडीच्या आधी त्याचा स्वतःचा बॅकअप एमसीबी किंवा फ्यूज लागतो. त्याचा आकडा कंपनीच्या कागदावर दिलेला असतो, तोच घ्यायचा. तो कागद खोक्यात असतो आणि बहुधा खोक्याबरोबर कचऱ्यात जातो.

काही जण एसपीडीसाठी वेगळा, "स्वच्छ" अर्थ खड्डा करायला सांगतात आणि तो घराच्या अर्थला जोडू नका म्हणतात. ऐकू नका. झटका येईल तेव्हा एका खड्ड्याचा दाब हजारो व्होल्टनं वर जाईल, दुसऱ्याचा नाही, आणि तो फरक तुमच्या टीव्हीच्या आत भेटेल. खड्डे कितीही असोत, सगळे एकमेकांना जोडलेले पाहिजेत.

आता स्पाइक गार्ड

डीबीपासून सॉकेट दहा मीटरहून लांब असेल तर वाटेत झटका पुन्हा वाढतो. म्हणून वरच्या मजल्यावरचा टीव्ही, कॉम्प्युटर, राउटर यांना सॉकेटपाशी दुसरा थर द्यावाच लागतो. ही स्पाइक गार्डची खरी जागा.

पाकिटावर ज्यूलचा (किती ऊर्जा पचवतो त्याचा) आकडा नसेल तर तो ठेवून द्या. नुसता लाल दिवा असलेल्या साध्या एक्स्टेंशन बोर्डलाही स्पाइक गार्ड म्हणून विकतात. ज्यूल जितके जास्त तितका तो टिकतो. टीव्ही-कॉम्प्युटरसाठी हजाराच्या आसपास असलेला बघा. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्यांना संरक्षण आहे असं लिहिलेलं असावं. बाहेरून मागवलेला, 110 किंवा 125 व्होल्टचा पॉवर स्ट्रिप आपल्या 230 वर लावला तर त्यातली एमओव्ही लगेच जाईल, धूरही काढेल.

सहा अँपिअरच्या बोर्डावर एकूण 1380 वॉटच्या वर लोड नको. इस्त्री, गिझर, घरघंटी त्यावर नाहीत. एका गार्डमध्ये दुसरा खुपसणं नाही. आणि थ्री-पिनची मधली जाड पिन कापून टू-पिनमध्ये बसवलेला गार्ड म्हणजे नुसता एक्स्टेंशन बोर्ड.

केबलवाटे येणारा चोर

इतकं सगळं करून राउटर उडाला, तर झटका वीजपुरवठ्याच्या वाटेनं आलाच नव्हता. केबल टीव्हीची कोॲक्स तार खांबावरून, गच्चीवरून घरोघर फिरत येते. गच्चीवरच्या डीटीएच ताटलीची तार सरळ टीव्हीपर्यंत जाते. सीसीटीव्हीच्या कॅमेऱ्याची तार भिंतीबाहेरून अंगण ओलांडून येते. शेतघरात तर गोठ्यावरच्या कॅमेऱ्याची लॅन केबल उघड्यावर पन्नास-साठ मीटर पडलेली असते, आणि ती जवळच्या विजेचा झटका आयता पकडते.

फायबर इंटरनेटची काच वीज वाहत नाही, हा मोठा फायदा. पण काही फायबर केबलना आधाराला स्टीलची तार असते. ती भिंतीबाहेरच कापून सोडली पाहिजे, मॉडेमपर्यंत आणता कामा नये. कोॲक्ससाठी आणि लॅनसाठी छोटे वेगळे सर्ज प्रोटेक्टर मिळतात, त्यांना अर्थची वायर जोडायची असते. ती न जोडता लोंबकळत ठेवली तर त्यांचा काही उपयोग नाही. दोन इमारतींमध्ये लॅन न्यायची असेल तर मी तांब्याची केबल टाकतच नाही, फायबर टाकतो.

टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साउंडबार आणि राउटर हे एकमेकांना केबलनं जोडलेले असतात. त्यांना एकाच स्पाइक गार्डवर घ्या. एक या भिंतीच्या सॉकेटवर, दुसरा त्या भिंतीच्या, असं केलं तर दोन सॉकेटांमधला फरक एचडीएमआयमधून वाहतो.

स्टॅबिलायझरचा विषय थोडक्यात. तो हळूहळू कमी-जास्त होणारा दाब सांभाळतो, मायक्रोसेकंदाचा सर्ज त्याला दिसतही नाही. हायकटचा (दाब फार चढला की वीज तोडणारा) असेल तर न्यूट्रलच्या दुखण्यात त्याच्यामागचं उपकरण वाचवू शकतो, पण बाकीचं घर नाही. घरातला इन्व्हर्टर लाईट असताना बाहेरची वीज जवळजवळ तशीच पुढं ढकलतो, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.

छतावर सोलर असेल तर पॅनेलच्या बाजूला डीसीचा एसपीडी लागतो. एसीचा तिथं चालत नाही, कारण डीसीची ठिणगी विझायला अवघड आणि दाबही जास्त. बसवणाऱ्यानं सोलरच्या डीसी पेटीत (डीसीडीबी) तो घातलाय का, हे झाकण उघडून दाखवायला सांगा आणि सोलरचे अर्थ खड्डे घराच्या अर्थला जोडलेत का, हेही विचारा.

नंतरची निगा

एमओव्ही प्रत्येक झटक्यागणिक थोडी थोडी खचते. म्हणून एसपीडीची खिडकी महिन्यातून एकदा आणि मोठ्या कडकडाटानंतर लगेच बघायची. लाल दिसली की काडतूस बदलायचं. वीज चालूच राहते, त्यामुळे संरक्षण संपलंय हे कुणाच्या लक्षात येत नाही. एक जादा काडतूस घरात आणून ठेवा, मे महिन्यात दुकानात मिळेलच असं नाही. स्पाइक गार्डचा दिवा विझला, तर तो बोर्ड चालत असला तरी टाकून द्या.

यातलं काहीही थेट पडलेल्या विजेसमोर हमी देत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं. ती आली आणि घरात असलात तर टीव्ही, कॉम्प्युटर आणि राउटरची पिन काढा, अँटेनाची तारही काढा. कडकडाट डोक्यावर आल्यावर मात्र पिनेला हात लावायला जाऊ नका, तेव्हा उशीर झालेला असतो.

पूरग्रस्त भागासाठी थोडं वेगळं. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर चिखली-आंबेवाडीपासून शाहूपुरीपर्यंत अनेक घरांत बोर्ड धुऊन, वाळवून पुन्हा चालू केले गेले. वायर आणि स्विच बॉक्स तपासून वाळवता येतात, एसपीडी नाही. गाळाच्या पाण्यात बुडालेलं काडतूस, व्होल्टेज प्रोटेक्टर, आरसीसीबी आणि स्पाइक गार्ड सरळ बदलायचे, दिसायला कितीही स्वच्छ असले तरी. अर्थ पिटमध्ये गाळ बसून बोल्ट गंजलेला असतो, तो उघडून नवा लावायचा आणि रोध पुन्हा मोजायचा. डीबी नव्यानं बसवणार असाल तर भिंतीवरच्या पुराच्या खुणेच्या वर हातभर तरी घ्या. तिथं अर्थ बारही वर न्यावा लागेल, म्हणजे एसपीडीच्या वायरीचा अर्धा मीटर पुन्हा टेप लावून मोजायचा.